बागेतील फुलांचे छायाचित्रण

बागेत, उद्यानात किंवा गच्चीवरच्या कुंडीत उमललेल्या फुलाचे, ते न खुडता, बहुतांशी नैसर्गिक प्रकाशात छायाचित्र घेण्याचा प्रकार. स्टुडिओत फूल हवे तसे वळवता येते आणि दिवेही हलवता येतात. बागेत मात्र ऊन, वारा आणि मागची भिंत आहे तशी स्वीकारावी लागते. म्हणून या कामात महागड्या लेन्सपेक्षा झाडाची नीट ओळख जास्त उपयोगी पडते.

ही ओळख सुरू होते फुलाच्या वेळेपासून. पारिजातक रात्री उमलतो आणि पहाटे गळू लागतो. फांदीवरचे फूल हवे असेल तर उजाडायच्या आत तयारीत असावे लागते. गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते. चिनी गुलाब ऊन चढल्याशिवाय उघडत नाही आणि ढगाळ दिवशी अर्धवट मिटलेलाच राहतो. घरोघरी ब्रह्मकमळ म्हणून लावले जाणारे, प्रत्यक्षात निवडुंगाच्या कुळातले फूल रात्री उमलून सकाळी मलूल होते, तेव्हा तेथे फ्लॅश किंवा टॉर्च घ्यावाच लागतो. स्थलकमळ सकाळी पांढरे असते आणि संध्याकाळपर्यंत गुलाबी होते. एकाच जागेवरून दिवसभरात त्याची काही छायाचित्रे घेतली, तर हा बदल शब्दांपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतो.

सकाळचे कोवळे ऊन किंवा ढगाळ आकाश बहुतेक फुलांना मानवते. भर दुपारी पाकळ्यांवर पांढरे डाग आणि काळ्या सावल्या पडतात. त्या वेळी फुलावर पांढरे पातळ कापड किंवा छत्री धरली तरी पुष्कळ फरक पडतो. कर्दळीसारख्या पातळ पाकळीच्या फुलाला मात्र पाठीमागून येणारे ऊन शोभते, शिरा उजळून निघतात. गर्द झाडाखाली पानांतून गाळून आलेल्या प्रकाशामुळे मोगऱ्यासारखी पांढरी फुले हिरवट दिसतात. त्यासाठी कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे यासाठीची रंगजुळवणी, जागेवरच जुळवून घ्यावा.

मॅक्रो लेन्सचे, म्हणजे अगदी जवळून चित्र घेणाऱ्या लेन्सचे, ‘१:१’ हे प्रमाण म्हणजे फुलाचा भाग जेवढा आहे तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर) पडणे. इतक्या जवळून फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे स्पष्ट दिसणारा पट्टा, फारच कमी मिळते. ३६ × २४ मिमी. सेन्सरवर, एफ/८ अॅपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा आकडा जितका मोठा तितके ते लहान) ठेवूनही, ती जेमतेम १ मिमी. भरते. पण अडचण फक्त इतक्या जवळ गेल्यावरच येते असे नाही. जास्वंदीचे अख्खे फूल समोरून घ्यायचे ठरवले, तर त्याच एफ/८ ला साधारण दीड सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. जास्वंदीची पुंकेसरांची दांडी पाकळ्यांच्या बरीच पुढे येते. टोकावरच्या पाच लाल गुंड्यांवर फोकस केला की पाकळ्यांच्या शिरा विरघळतात, आणि पाकळ्यांवर केला की दांडी धूसर होते. उपाय दोन आहेत. एक, फूल बाजूने घेणे, म्हणजे सगळी दांडी सेन्सरला समांतर येते. दुसरा, वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून अनेक चित्रे घ्यायची आणि संगणकावर ती एकत्र करायची. अॅपर्चर एफ/२२ पर्यंत मिटवत नेणे हा खरा उपाय नव्हे, कारण प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना तो पसरत असल्याने, सगळेच चित्र मऊ पडते.

अनेक चित्रे जुळवण्याच्या पद्धतीला वारा चालत नाही. एकेक चित्र घेताना झुळूक थांबण्याची वाट पाहावी आणि शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवावे. देठाला बारीक काडीचा आधार दिला तरी चालते.

रंगांत सर्वांत फसवे लाल आणि पांढरे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सगळे मध्यम करड्या छटेचे समजतो, त्यामुळे अनंताचे फूल मळकट येते. त्याला अर्धा ते एक स्टॉप जास्त प्रकाश द्यावा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). लाल जास्वंदीचे उलट. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश तीन वेगळ्या वाहिन्यांत नोंदवतो; तेथे लाल वाहिनी इतर दोन वाहिन्यांच्या आधी भरून जाते आणि पाकळीचा पोत नाहीसा होऊन सपाट लाल ठिपका उरतो, म्हणून प्रकाश थोडा कमी ठेवतात. फिल्मच्या काळात काही निळी फुले गुलाबी छापली जात. ही फुले डोळ्याला जवळजवळ न दिसणारा गडद लाल प्रकाशही परावर्तित करतात आणि रंगीत फिल्मला तो जाणवत असे.

ल्युमिएर बंधूंच्या ऑटोक्रोम काचपट्ट्या १९०७ मध्ये बाजारात आल्या आणि रंगीत छायाचित्रण हौशी लोकांच्या आवाक्यात आले. उघड्या उन्हातही त्यांवर चित्र उमटायला सेकंदाच्या आसपास किंवा अधिक वेळ लागे, त्यामुळे जागचे न हलणारे विषय पसंत केले जात. बागा आणि फुले त्यांत आघाडीवर होती.

महाराष्ट्रात पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील हिवाळी पुष्पप्रदर्शन आणि मुंबईची राणीची बाग (१८६२) ही या छंदाची ठिकाणे आहेत. राणीच्या बागेतील उर्वशीचे घोस खाली लोंबतात, त्यामुळे कॅमेरा फांदीखाली नेऊन वर रोखावा लागतो. कैलासपतीची फुले मात्र थेट खोडावर, बऱ्याचदा डोळ्यांच्या उंचीवर येतात आणि नवशिक्यालाही चांगली साधतात.

अनेक उद्यानांत ट्रायपॉडला परवानगी लागते, ती आधी विचारून घ्यावी. मागचे पान चित्रात नको असेल तर ते तोडण्याऐवजी बाजूला वाकवून धरावे, आणि खालून फोटो घेण्यासाठी वाफ्यात पाय ठेवू नये. पायाखाली माती दबून रोपांच्या मुळांना इजा होते.