मॅग्नम रिव्हॉल्वरचे स्क्रू ढिले का पडतात?

अमेरिकेत रिव्हॉल्वरने हरणं, रानडुकरं मारणारे शिकारी बरेच आहेत. आयडाहोचे शिकारी-लेखक एल्मर कीथ यांनी जोरकस काडतुसासाठी वर्षानुवर्षं कंपन्यांचा पिच्छा पुरवला आणि १९५५च्या अखेरीस .४४ मॅग्नम आलं. त्याच्या धक्क्याने मनगट दुखतं हे सगळे सांगतात, पण त्या धक्क्याचा खरा मार बसतो तो स्क्रूंना.

हिशोब करून पाहू. गोळी साडेपंधरा ग्रॅमची, वेग सेकंदाला सव्वाचारशे मीटरच्या आसपास. त्यामुळे सव्वा-दीड किलोचं रिव्हॉल्वर सेकंदाला पाचेक मीटर वेगाने मागे फेकलं जातं, आणि तेही जेमतेम एका मिलिसेकंदात. म्हणजे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या पाचशे पट. वर बसवलेली पाव किलोची दुर्बीण जडत्वामुळे जागीच राहू पाहते आणि तिचा माउंट, म्हणजे तिला धरून ठेवणारी बैठक, त्या क्षणी सव्वाशे किलोच्या जोराने ताणला जातो. तिथले स्क्रू मात्र तीन-चार मिलिमीटर जाडीचे!

हादऱ्याने स्क्रू आपोआप फिरतो, अशी सर्वसाधारण समजूत. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९मध्ये खरी गोम दाखवून दिली. आवळलेला स्क्रू किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. या दाबातून येणारं घर्षणच त्याला जागेवर ठेवतं. आडव्या धक्क्याने भाग केसभर जरी सरकले, तरी सगळं घर्षण त्या सरकण्याला विरोध करण्यात खर्ची पडतं. फिरणं अडवायला काही उरत नाही आणि आट्यांच्या उतारावरून स्क्रू किंचित उलटा फिरतो. दर गोळीला थोडा थोडा. स्प्रिंग वॉशर इथे फारसा कामाचा नाही.

म्हणून इलाज एकच, सरकणं थांबवायचं. रुगर कंपनीच्या सुपर रेडहॉक रिव्हॉल्वरमध्ये दुर्बिणीच्या कड्या फ्रेममध्येच कोरलेल्या खोबणीत बसतात. धक्का खोबण झेलते, स्क्रूचं काम फक्त दाबून धरायचं. हा मला सर्वांत शहाणा उपाय वाटतो.

बाकी ठिकाणी लॉकटाइट, म्हणजे आटे चिकटवून धरणारं द्रव्य. ते हवेत पातळच राहतं. आट्यांच्या फटीत हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतं. त्याआधी आट्यांवरचं तेल पुसलंच पाहिजे, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. निळं वापरावं, ते साध्या हत्यारांनी सुटतं. लाल सोडवायला चांगलीच उष्णता द्यावी लागते आणि तोवर नाजूक स्क्रूची खाच गेलेली असते. स्क्रू ड्रायव्हरचं पातंही खाचेत नेमकं बसणारं हवं. घरातलं निमुळत्या पात्याचं चालत नाही.

स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्वरमधल्या एजेक्टर रॉडची, म्हणजे रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांडीची, गंमत वेगळीच. तिथे सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचं फिरतं नळकांडं, डावीकडे फिरतो, त्यामुळे सरळ आट्यांचा रॉड सैल होऊन बाहेर येई आणि कधीकधी सिलिंडर उघडेनासा होई. १९६०च्या सुमारास कंपनीने उलटे आटे दिले, सायकलच्या डाव्या पॅडलला असतात तसे. जुनं मॉडेल हाती आलं तर पिळण्याआधी आटे कुठल्या बाजूचे आहेत ते बघून घ्यावं.