तारीख दिली, पण बाळाला कोण सांगणार?

सातवा महिना लागला की भेटेल तो विचारतो, "तारीख कधीची?" मग फाइलवरची ती तारीख कालनिर्णयवर गोल होते, नवऱ्याची रजा तिच्याच हिशेबाने पडते. प्रत्यक्षात नेमकी त्या दिवशी येणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच.

हिशेब सोपा आहे. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्या, तीन महिने मागे जा, सात दिवस मिळवा. पाळी १० जूनची, तर तारीख १७ मार्च. फ्रान्झ नेगेले या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाणारी ही रीत एकोणिसाव्या शतकातली. दिवस भरतात २८०. आपलं 'नऊ महिने नऊ दिवस' याहून दोनच दिवस पुढे. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा धरला तर नऊ महिने होतात जवळजवळ २६६ दिवस, आणि गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंतचा सरासरी काळही तेवढाच! योगायोग असेल, पण मला तो आवडतो.

नेगेलेंनी पाळी २८ दिवसांची धरली. जिची ३५ दिवसांनी येते तिचं बीज आठवडाभर उशिरा सुटतं, म्हणजे तारीखही सरकते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवर भरवसा जास्त. तेव्हा सगळे गर्भ जवळपास एकाच गतीने वाढतात. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत निराळी तारीख दिसली की घरात गोंधळ उडतो, पण तो बाळाच्या आकारावरून काढलेला अंदाज असतो. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तिला आधी पाहिलेलं नसतं. कपडे राहिले तरी चालतील, तो पहिला रिपोर्ट राहू नये.

इकडे शरीराची तयारी आधीच सुरू झालेली असते. नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट असलेलं गर्भपिशवीचं तोंड ओठांसारखं मऊ पडत जातं. कळा सुरू झाल्या की बाळाच्या डोक्याचा दाब तिथे पडतो, त्याची वर्दी मेंदूला जाते, मेंदू ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सोडतो, पिशवी आणखी आवळते आणि दाब आणखी वाढतो. शरीरातल्या बहुतेक यंत्रणा वाढलेलं काही कमी करायला बघतात. ही मात्र बाळ बाहेर येईपर्यंत वाढतच जाते.

"नवव्यात तूप पी, बाळ सुटसुटीत येईल" हा सल्ला प्रत्येकीला मिळतो. तूप जातं आतड्यात. बाळाच्या वाटेशी त्याची गाठच पडत नाही. वजन तेवढं वाढतं. एरंडेल घेऊन कळा आणण्याचा उद्योग तर घरी करूच नये.

खोट्या कळांचं वर्णन १८७२ मध्ये जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी केलं. पोट दगडासारखं होतं, पण कूस बदलली, पाणी प्यायलं, चार पावलं चाललं की सैल पडतं. खऱ्या कळा अशाने थांबत नाहीत. बहुधा कंबरेतून पुढे येतात आणि त्यांच्यातलं अंतर घटत जातं. पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघावं. दुसरेपणाला एवढंही थांबू नये, तेव्हा सगळं भराभर होतं. पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाट बघायचीच नाही. बाळाची हालचाल मंदावली तरी तेच. "खाली उतरलंय, म्हणून शांत झालंय" असं घरात कुणीतरी म्हणतंच. ते ऐकू नका.

३७ आठवडे ते ४२ आठवडे, एवढी मोठी ही वेळ. म्हणून पिशवी भरायची ती ३७ व्या आठवड्याला: फाइल, रक्तगटाचा कागद, आधार कार्ड, बाळाला गुंडाळायला धुतलेली मऊ सुती कापडं. रात्री दोनला गाडी कोण काढणार तेही तेव्हाच ठरवावं, आणि तो गावाला गेला असेल तर दुसरा कोण. १०२ आणि १०८ हे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत, सासूबाईंच्या साध्या फोनमध्येसुद्धा.