आर्थिक विकास कार्यक्रमांचे फलमापन, नागपूर

रोजगार, व्यापार किंवा उत्पन्न वाढावे म्हणून स्थानिक स्वराज्य संस्था जे कार्यक्रम राबवते, त्यांतून प्रत्यक्ष काय साधले हे तपासण्याला फलमापन म्हणतात. झालेला खर्च आणि पूर्ण झालेली कामे मोजणे ही त्याची पहिली पायरी. त्या कामांमुळे कोणाच्या कमाईत किती फरक पडला, हे शोधणे ही दुसरी आणि अवघड. नागपुरात पहिली पायरी अंगवळणी पडली आहे.

त्याची मुळे विदर्भाच्या राजकारणात आहेत. इथली विकासाची चर्चा ‘अनुशेष’ या शब्दाभोवती फिरते. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये रस्ते, सिंचन, शिक्षण यांसारख्या क्षेत्रांतील जिल्हानिहाय स्थिती राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिली आणि ही तूट, म्हणजेच अनुशेष, रुपयांत मांडली. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ वैधानिक विकास मंडळाच्या काळातही चर्चेची भाषा हीच राहिली. निधीच्या न्याय्य वाटपासाठी हा हिशेब योग्यच होता. मात्र निधी आला, खर्च झाला, म्हणजे विकास झाला, ही समजूत त्यासोबत घट्ट झाली.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन हा नगरपालिकांचा विषय म्हणून नोंदला आहे. प्रत्यक्षात हिंगणा आणि बुटीबोरीच्या वसाहती औद्योगिक विकास महामंडळाकडे, विमानतळालगतचा मिहान हा मालवाहतूक व उद्योग प्रकल्प विमानतळ विकास कंपनीकडे, तर बरेचसे लेआउट सुधार प्रन्यासाकडे. महापालिकेच्या हाती उरतात बाजार, ओटे, फेरीवाले आणि बचत गट. वर्धा मार्गावर जमिनीचे भाव चढले, तर ते मिहानमुळे, मेट्रोमुळे की नुसत्या अपेक्षेमुळे, हे वेगळे काढणे जवळजवळ अशक्य असते. श्रेय मात्र सगळेच घेतात. शिवाय भाव चढणे ही जमीनमालकाची कमाई आहे. भाडेकरूसाठी तो खर्चच.

जून २०२० मध्ये सुरू झालेली फेरीवाल्यांसाठीची पंतप्रधान स्वनिधी योजना फलमापनाचे चांगले उदाहरण ठरते. तिचा मूळ आराखडा १० हजार, २० हजार आणि ५० हजार रुपयांच्या चढत्या कर्जांचा, व्याजात ७ टक्के अनुदानाचा. अर्ज महापालिकेमार्फत, कर्ज बँकेचे. किती अर्ज मंजूर झाले, ही झाली नुसती पूर्ण झालेल्या कामाची मोजणी. पहिले कर्ज फेडून किती जण दुसऱ्याकडे गेले, ही त्याहून बोलकी खूण. तरीही खरा प्रश्न उरतोच: कर्ज मिळाले नसते तर काय झाले असते? रोजचा हप्ता घेणाऱ्या सावकाराकडून पैसे घेऊन फेरीवाल्याने तेवढाच माल उचलला असता, तर योजनेचा लाभ विक्रीत नाही, वाचलेल्या व्याजात शोधायला हवा. आणि सीताबर्डीत तर्री-पोह्याच्या नव्या ठेल्यावर गर्दी झाली, पण शेजारच्या ठेल्याची तेवढीच कमी झाली, तर शहराच्या पदरात काय पडले? गिऱ्हाईक फक्त चार पावले सरकले. (तर्री बरी झाली असेल, तर तो नफा गिऱ्हाइकाचा.) हिंगण्यातील कारखाना सवलतीसाठी बुटीबोरीला गेला, तर तिथल्या ‘नव्या’ नोकऱ्यांनाही हेच लागू पडते.

आधारवर्षाची निवड हा आकडेवारीतला जुना खेळ. २०२०-२१ हे टाळेबंदीचे वर्ष पायाशी धरले की जवळपास प्रत्येक योजना यशस्वी दिसते.

माहितीची अडचण वेगळीच. जकात असताना शहरात कोणता माल किती येतो, याची नोंद महापालिकेच्या स्वतःच्या नाक्यांवर होत असे. २०१३ मध्ये जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर. उत्पन्नाच्या साधनासोबत शहराच्या व्यापाराची नाडी हातात देणारे साधनही गेले. करापोटी भरपाईचे अनुदान मिळते, माहितीची भरपाई नाही. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ उपयोगी आहे, पण त्याचे मुख्य एकक जिल्हा. त्यात काटोलचा संत्राबागायतदार आणि गांधीबागेतला कापडाचा अडत्या एकाच सरासरीत बसतात.

स्वस्तातला एक मार्ग महापालिकेच्या रचनेतच आहे. शहराचे १० झोन आहेत आणि ओटे किंवा विक्री क्षेत्रे सगळीकडे एकाच वेळी तयार होत नाहीत. ज्या झोनमध्ये काम आधी झाले आणि जिथे ते अजून रखडले आहे, तिथल्या फेरीवाल्यांना तेच प्रश्न दोनदा विचारले, कामाआधी आणि वर्षभराने, तर दोन्ही ठिकाणच्या बदलांतला फरक बऱ्यापैकी विश्वासार्ह ठरतो. आधी काम कुठे होते हे नगरसेवकाच्या वजनावर ठरत असेल, तर तुलना तेवढी लंगडी पडते. प्रश्न कसे विचारायचे, हेही महत्त्वाचे. कमाई विचारली की कर लागेल किंवा सवलत जाईल या धास्तीने उत्तर हमखास कमी येते. त्याऐवजी भाजीवाल्याला विचारावे, ‘कळमन्याच्या घाऊक बाजारातून सकाळी किती कट्टे उचलता आणि संध्याकाळी किती माल उरतो?’ हे तो बिनदिक्कत सांगतो.