अल्सरच्या जंतूवर काही घेण्याआधी एवढं वाचा

‘अँटिबायोटिकशिवाय पायलोरी जाईल असं काही स्वस्तातलं आहे का?’ पूरक आहार विकणाऱ्या आमच्यासारख्या छोट्या व्यवसायाला हा प्रश्न वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्याने बहुधा एकदा गोळ्यांचा कोर्स केलेला असतो. तोंडाला धातूसारखी चव, मळमळ, जुलाब, आणि आता पुन्हा ते सगळं नको वाटतं. त्यात चुकीचं काही नाही. म्हणूनच आम्ही जे विकतो त्याबद्दलही सरळ सांगतो.

अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठराच्या आतल्या बुळबुळीत थरात दडून राहतो. तो युरिएज नावाचं एन्झाइम बनवतो, त्यातून अमोनिया तयार होतो आणि त्याच्या भोवतीपुरतं आम्ल मवाळ पडतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला. त्याने अल्सर होतो यावर कोणी पटकन विश्वास ठेवेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

लसूण, मध, हळद यांनी हा जंतू मरतो, हे खरं आहे; पण काचेच्या बशीत. पोटात गेलेला पदार्थ पातळ होतो, काही वेळात पुढे सरकतो, आणि जंतू थराखाली सुरक्षित राहतो. लसणाच्या माणसांवरच्या चाचण्यांतून काही हाती लागलं नाही. मॅस्टिक डिंकाचं १९९८ पासून खूप नाव झालं, पण नंतरच्या एका छोट्या चाचणीत दोन आठवडे तो रोज घेऊनही आठपैकी एकाचाही जंतू गेला नाही. ब्रोकोलीच्या कोंबांची गोष्ट जरा बरी. जपानमध्ये रोज ७० ग्रॅम कोंब आठ आठवडे खाल्ल्यावर जंतूंचं प्रमाण घटलं. खाणं थांबवल्यावर ते परत वाढलं. म्हणजे दाबून ठेवता येतं, उखडता येत नाही. आमच्या बाटल्यांवर ‘अल्सर बरा होतो’ असं छापलेलं नाही, ते याच कारणाने.

यात वेगळं उठून दिसतं ते बिस्मथ, म्हणजे याच नावाच्या धातूपासून बनवलेलं पोटाचं औषध. ते अँटिबायोटिक नाही, जुनं आहे आणि महाग नाही. जंतूचा शोध लागण्याआधीही, नुसतं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी बरा झालेला अल्सर लवकर उलटतो आणि बिस्मथने बरा झालेला तितका उलटत नाही, असं डॉक्टरांना दिसत होतं. कारण नंतर उलगडलं: बिस्मथ जंतूवरही काम करत होतं. जंतू अँटिबायोटिकला जसे सरावतात तसे बिस्मथला सरावल्याचं सहसा दिसत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण एकट्या बिस्मथने फार थोड्यांचा जंतू जातो. आम्ल कमी करणारी गोळी आणि दोन अँटिबायोटिक यांच्या जोडीला १० ते १४ दिवस दिलं की त्याचं खरं काम दिसतं. हा कोर्स डॉक्टरांनीच ठरवायचा.

बिस्मथने जीभ आणि शौच काळं होतं, घाबरू नका. मात्र शौच डांबरासारखं चिकट आणि फार दुर्गंधीचं असेल, चक्कर येत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं, तर तो रक्तस्राव समजून लगेच दवाखाना गाठा. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी आणि मुलांनी बिस्मथ सबसॅलिसिलेट (बिस्मथचा ॲस्पिरिनशी नातं असलेला प्रकार) घेऊ नये. महिनोन्महिने तर कोणीच नाही: १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये दीर्घकाळ बिस्मथ घेणाऱ्यांच्या मेंदूवर परिणाम झाले होते.

प्रोबायोटिक आम्ही सुचवतो, पण कोर्समधले जुलाब कमी व्हावेत म्हणून. ज्येष्ठमध घेणार असाल तर आधी रक्तदाब सांगा. त्याने तो वाढतो.

आणि मुळात जंतू आहे का, ते तपासलंत का? सांधेदुखीच्या गोळ्यांनीही अल्सर होतो, तिथे जंतू नसेल तर जंतूवरचं यातलं काही लागू नाही. श्वासाची किंवा शौचाची चाचणी पुरते. त्याआधी अँटिबायोटिक आणि बिस्मथ चार आठवडे बंद हवं. आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे थांबवावी लागते, तीही डॉक्टरांना विचारून. नाहीतर जंतू असूनही अहवाल ‘नाही’ म्हणतो. कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी हीच चाचणी पुन्हा करा, मग हवं तर आमच्याकडे या.