आयआर ३५
ब्रिटनमधील करनियम. एखादी व्यक्ती ग्राहकासाठी स्वतः राबते, पण करार आणि बिले तिच्याच मर्यादित कंपनीच्या नावाने होतात. ही कंपनी मधून वगळली, तर ती व्यक्ती त्या ग्राहकाची नोकरदार ठरली असती का, या एका प्रश्नावर हे नियम उभे आहेत. उत्तर होकारार्थी आले, तर मिळकतीवर पगाराप्रमाणे प्राप्तिकर व राष्ट्रीय विमा वर्गणी लागते. भरपगारी रजेसारखे नोकरीचे हक्क त्यामुळे मिळत नाहीत, आणि हाच या नियमांवरील सर्वांत रास्त आक्षेप आहे.

हे नाव ९ मार्च १९९९ च्या अर्थसंकल्पासोबत इनलँड रेव्हेन्यू या तत्कालीन करखात्याने काढलेल्या प्रसिद्धिपत्रकाच्या क्रमांकावरून पडले. अशा कंपन्या का फोफावल्या, याबद्दल मात्र मतभेद आहेत. एका मतानुसार कंपनीतून पगाराऐवजी घेतलेल्या लाभांशावर विमा वर्गणी लागत नाही, हेच कारण पुरेसे होते. दुसरे मत १९७० च्या दशकातील एजन्सी-नियमाकडे बोट दाखवते. एजन्सीमार्फत काम करणाऱ्याचा कर एजन्सीने कापायचा, पण मध्ये कंपनी असली की ही जबाबदारी टळे. कंपनीचा आग्रह अनेकदा एजन्सीच धरत, हे पाहता दुसरे मत अधिक पटते.

मूळ प्रस्तावात कर कापण्याचा भार काम देणाऱ्यावर होता. विरोधानंतर तो कामगाराच्या कंपनीवर गेला आणि ६ एप्रिल २००० पासून नियम लागू झाले. पुढे २०१७ मध्ये सरकारी क्षेत्रात व २०२१ मध्ये मध्यम आणि मोठ्या खाजगी ग्राहकांबाबत दर्जा (नोकरदारासारखा की स्वतंत्र) ठरवण्याचे काम ग्राहकाकडे आले. सप्टेंबर २०२२ मध्ये हे बदल रद्द करण्याची घोषणा झाली, पण ऑक्टोबरमध्येच ती मागे घेतली गेली.

दर्जाची कसोटी कायद्याच्या मजकुरात सापडत नाही, ती न्यायनिर्णयांतून आली आहे. रेडी मिक्स्ड काँक्रीट खटल्यात (१९६८) तीन अटी मांडल्या गेल्या : काम स्वतः करण्याचे बंधन, पुरेसे नियंत्रण आणि बाकीच्या अटी नोकरीशी सुसंगत असणे. बदली माणूस पाठवण्याचे कलम केवळ कागदावर असून ग्राहक प्रत्यक्षात तो स्वीकारणार नसेल, तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. परस्पर बांधिलकीचा, म्हणजे एकाने काम देण्याच्या व दुसऱ्याने ते करण्याच्या बंधनाचा, वाद सर्वांत लांबला. फुटबॉल पंचांच्या खटल्यात (२०२४) सर्वोच्च न्यायालयाने एकेका सामन्यापुरतीही ती असू शकते, असे ठरवले. तो खटला थेट आयआर ३५ चा नव्हता, तरी कसोटी तीच आहे.

ग्राहक लहान असेल, तर हिशेब कामगाराच्या कंपनीनेच करायचा. २०२५-२६ मध्ये मूल्यवर्धित कर वगळून ६०,००० पौंड जमा झाले आणि १२,५७० पौंड पगार घेतला असे धरू. प्रथम सरसकट ५ टक्के म्हणजे ३,००० वजा, मग पगार आणि त्यावर मालकाने (इथे कामगाराच्या कंपनीने) भरायची राष्ट्रीय विमा वर्गणी १,१३५.५० वजा. उरलेल्या ४३,२९४.५० मध्ये मालकाची १५ टक्के वर्गणीही धरलेली असल्याने तिला १.१५ ने भागले की मानीव पगार, म्हणजे कायद्याने पगार समजली जाणारी रक्कम, ३७,६४७.३९ येतो आणि मालकाची वर्गणी ५,६४७.११. निवृत्तिवेतनाची वर्गणी व मान्य खर्च असल्यास भागाकाराआधी वजा होतात. नेहमीची चूक म्हणजे १.१५ ने भागण्याऐवजी १५ टक्के थेट वजा करणे. हा मानीव पगार ५ एप्रिलला दिला असे धरले जाते.

ग्राहक मध्यम वा मोठा असेल, तर ५ टक्क्यांची सूट नाही. त्याने दर्जानिश्चितीचे कारणांसह निवेदन कामगाराला व करारांच्या साखळीतील पुढच्या पक्षाला (उदा. एजन्सीला) द्यायचे असते. ते देईपर्यंत कर कापण्याची जबाबदारी त्याच्याकडेच राहते. हरकत आल्यास ४५ दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. सगळ्यांना एकाच झटक्यात ‘नोकरदार’ ठरवणे कायद्याला अपेक्षित ‘वाजवी काळजी’त बसत नाही.

निर्णय चुकल्यास पूर्वी तीच रक्कम दोनदा करपात्र होई. ६ एप्रिल २०२४ पासून कामगाराने व त्याच्या कंपनीने आधीच भरलेला कर वळता करता येतो. मालकाची वर्गणी मात्र पूर्ण भरावी लागते.