गजकर्ण आणि खोलवरचं फंगल: नाव एक, प्रकरणं दोन

"फंगल झालंय" म्हटलं की समोरचा लगेच क्रीमचं नाव सांगून मोकळा होतो. बऱ्याचदा ते खपूनही जातं, कारण बऱ्याचदा ते साधं गजकर्णच असतं. पण ज्याची केमो चालू आहे, किडनी ट्रान्सप्लांट झालंय, महिनोन्‌महिने स्टिरॉइडच्या गोळ्या पोटात जातायत, म्हणजे ज्याची प्रतिकारशक्ती खाली गेलीय, त्याच्या अंगावर उठलेलं 'फंगल' वेगळंच काहीतरी असू शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

आधी गजकर्ण. ही बुरशी केराटिनवर जगते, म्हणजे कातडीचा सगळ्यात वरचा मेलेला थर, केस, नखं. खालच्या जिवंत कातडीत ती सहसा उतरत नाही, शरीराच्या आतली उष्णताही तिला फारशी मानवत नाही. म्हणून वरच्यावर गोल गोल पसरत जाते, कडा लाल आणि खवल्यांची, मधला भाग साफ होत आलेला, आणि खाज म्हणाल तर झोप उडवणारी. कडेचा भुसा खरवडून काचेवर घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, थोड्या वेळाने मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे दिसतात, झालं निदान.

खोलवरचं फंगल बसतं खाली, आतल्या थरात नाहीतर थेट चरबीत. तिथे ते एकतर बाहेरून जातं, काटा रुतला, सलाइनची सुई टोचलेली जागा, बरेच दिवस चिकटवून ठेवलेली पट्टी, नाहीतर आतून येतं, म्हणजे फुप्फुसात बसलेली अ‍ॅस्परजिलस किंवा क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी रक्तातून कातडीत पोचते, आणि मग कातडीवरचा डाग म्हणजे नुसती पाटी, खरं दुकान आत चालू असतं. इथे खवले नसतात, खाजही फारशी नसते. बोट फिरवलं तर खाली टणक गाठ लागते, मधोमध जांभळट होते, मग काळी खपली धरते, कारण अ‍ॅस्परजिलस, म्युकरसारख्या बुरशी रक्तवाहिन्यांत घुसतात आणि त्या बंद पडल्या की वरची कातडी मरते. म्युकरमध्ये तर हे सगळं एकदोन दिवसांतही होतं.

आता खरी गोची. लाली, सूज, पू हे बुरशी करत नाही हो, बहुतांशी आपल्याच पांढऱ्या पेशींची मारामारी असते ती. केमोनंतर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे 500 च्या खाली गेल्या की मारामारी करायलाच कोणी नसतं, त्यामुळे डाग दिसतो डास चावल्यासारखा, पू नाही, फार लाल नाही, आणि घरचे म्हणतात किरकोळ आहे, थांबून बघू. ताप असताना असा एक जरी नवा डाग आला तरी त्याच दिवशी दाखवायचा, माझं तरी हेच मत.

खरवडून तपासणं इथे भरवशाचं नाही, कारण माल खाली आहे. पंच बायोप्सी लागते, म्हणजे गोल पात्याने कातडीचा तुकडा काढून तपासणं, तीही चरबीपर्यंत खोल. त्यातला एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणारं रसायन) आणि दुसरा साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये जायला हवा, दोन्ही फॉर्मॅलिनमध्ये टाकले की बुरशी मरते, कल्चर होत नाही, म्हणजे लॅबमध्ये ती वाढवून बघता येत नाही, आणि नेमकी कुठली ते कळणं अवघड होऊन बसतं. आणि ते कळावंच लागतं, कारण अ‍ॅस्परजिलसवर चालणारं व्होरिकोनॅझोल हे औषध म्युकरवर चालत नाही, तिथे अ‍ॅम्फोटेरिसिन आणि मेलेला भाग कापून काढणं.

बरं, सीमारेषाही पक्की नाही. गजकर्णाचीच ट्रायकोफायटॉन रुब्रम केसाच्या मुळातून खाली उतरू शकते, दाढी किंवा पायावरचे केस काढताना, नाहीतर स्टिरॉइड मिसळलेलं क्रीम चोपडत राहिल्यावर. माजोक्की नावाच्या इटालियन डॉक्टरने 1883 मध्येच हे लिहून ठेवलंय. तेव्हा जुन्या चट्ट्यात गाठी हाताला लागायला लागल्या तर "जुनंच आहे" म्हणून सोडू नका. आणि ट्रान्सप्लांटवाल्यांनी घरात उरलेली फंगलची गोळी मनाने अजिबात घ्यायची नाही, फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोलने टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेलं औषध) रक्तातली पातळी चढते आणि त्याचा मार त्याच नव्या किडनीवर बसतो.

राहिली पायाची नखं. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, पेशंटमध्ये फ्युजेरियम नावाची बुरशी कधीकधी नखाच्या कडेच्या जखमेतूनच आत शिरते, म्हणून केमो सुरू व्हायच्या आधी मोजे काढून पाय एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, नख ठणकत नसलं तरी.