सोड्याच्या फसफसण्यावर वाढणारं भ्रूण

दर सहा प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं, असं जागतिक आरोग्य संघटनेचा 2023 चा अहवाल सांगतो. श्रीमंत देशांत हे प्रमाण 17.8 टक्के, तर मध्यम व कमी उत्पन्नाच्या देशांत 16.5 टक्के. म्हणजे जवळपास सारखंच. उपचार परवडण्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत अनेक स्त्रियांच्या गर्भनलिका संसर्गामुळे बंद झालेल्या असतात. क्लॅमिडिया, गनोरिया हे लैंगिक संबंधातून पसरणारे संसर्ग वेळीच ओळखले जात नाहीत; बाळंतपणात किंवा असुरक्षित गर्भपातात जंतू आत शिरतात. बंद नलिकेवर उतारा म्हणूनच तर आयव्हीएफ, म्हणजे स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करण्याचं तंत्र, जन्माला आलं! 1978 साली जन्मलेल्या पहिल्या ‘टेस्ट ट्यूब बेबी’च्या, लुईस ब्राऊनच्या आईच्या नलिका अशाच बंद होत्या, आणि तिला स्त्रीबीजं वाढवणारी औषधंही दिली नव्हती. तंत्र पुढे सुधारत गेलं, तसं बिलही वाढत गेलं.

खरं तर भ्रूणाच्या गरजा मोजक्या: 37 अंशांची ऊब, पोषक द्राव आणि त्या द्रावाचा स्थिर सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप). सामू टिकवायला भोवती पाच-सहा टक्के कार्बन डायऑक्साइड हवा. इन्क्युबेटर, गॅस सिलिंडर, अखंड वीज हा पसारा मुख्यतः त्यासाठी.

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ जोनाथन व्हॅन ब्लर्कम आणि बेल्जियन स्त्रीरोगतज्ज्ञ विलेम ऑम्बेलेट यांनी यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. दोन बंद काचनळ्या घ्यायच्या. एकीत सायट्रिक आम्ल आणि खाण्याचा सोडा फसफसतो. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बारीक नळीतून दुसरीतल्या द्रावात उतरतो. मग सुईने तिथे स्त्रीबीज आणि काही हजार शुक्राणू सोडायचे आणि नळी गरम धातूच्या ठोकळ्यात ठेवायची. झाकण न उघडता काचेतूनच सूक्ष्मदर्शकाने भ्रूण पाहता येतं. बेल्जियममध्ये एकाच स्त्रीची बीजं ही साधी आणि नेहमीची इन्क्युबेटरची अशा दोन्ही पद्धतींत वाटून तुलना केली. 2013 मध्ये मांडलेल्या निकालांत साधी पद्धत मागे पडली नव्हती.

शुक्राणू अगदीच कमी असतील तर ही पद्धत चालत नाही; तिथे एकेक शुक्राणू बीजात टोचावा लागतो. औषधं आणि प्रशिक्षित माणसं यांचा खर्चही उरतोच. शिवाय गर्भाशयात शक्यतो एकच भ्रूण सोडायला हवं. जुळी बाळं अनेकदा दिवस भरण्याआधी जन्मतात, आणि नवजात अतिदक्षता विभाग जवळपास नसेल तर त्यांना वाचवणं अवघड होतं.